किरकोळ

हिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं,
डॉक्टर म्हणाले, महिनाभर लिहिणं-वाचणं बंद.
तेव्हा वही माझ्याकडे आली.

दोनशे पानी, बिटको चौकातल्या दुकानातली,
दोऱ्यानं बांधलेलं पेन,
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च,
वर दर महिन्याला एक श्री,
पगार झाला तरी, नाही झाला तरी.

मी म्हटलं, त्यात काय एवढं?
एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये काढली.
दुसऱ्यांच्या कोट्यवधी बोटांखालून गेले,
घसरलेला आकडा मला नुसत्या नजरेनं कळायचा.
संध्याकाळी गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे
आणि जेल रोडनं चालत घरी.

पहिल्याच रात्री चाळीस रुपये लागेनात.

दूध साठ. डोळ्याचे थेंब तीनशे बारा.
कोथिंबीर पाच, परवा हीच जुडी चाळीसला होती,
नाशकात कोथिंबिरीचा काही भरवसा नाही.
द्राक्षाचे सुटे मणी, अर्धा किलो, वीस.
पुन्हा बेरीज. पुन्हा तेच.

आतून ही, काळा चष्मा लावून, छताकडे तोंड करून:
इस्त्रीवाला?
लिहिला.
मुक्तिधामच्या पेटीत?
दहा. लिहिले.
मग टाका किरकोळमध्ये, आणि झोपा.

मला ते पटेना.
प्रेसमध्ये एक कागद कमी भरला
तर अख्खं खातं थांबायचं,
किरकोळ म्हणून कुणी घरी गेलं नाही.
म्हटलं बघू तरी, ही कशी टाकते,
स्टूल ओढलं, माळ्यावरचा जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला.

बहुतेक महिन्यांत किरकोळ सात. किरकोळ अकरा. किरकोळ तीन.
२००३ च्या जुलैत: किरकोळ ४५०.
ऑगस्ट, ४५०.
सप्टेंबर, दिवाळीचा ऑक्टोबर,
दिवाळीतसुद्धा ४५०, आणि तिच्या साडीसमोर एक आडवी रेघ.
त्या दोन वर्षांत पेपर बंद होता, आठवतं मला.
विचारलं तर म्हणाली, बातम्या त्याच त्याच असतात.
रिक्षा हा शब्द कुठेच नाही.
जमेच्या बाजूला बारीक अक्षरात
फॉल-पिको तीस, फॉल-पिको साठ,
मला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून करते.

चोवीस महिने.
पाढे मला अजून येतात.
दहा हजार आठशे.

त्या जूनमध्ये धात्रकनं सिन्नर फाट्याच्या पुढं
एक प्लॉट दाखवला होता, बाभळी होत्या त्यावर.
कल्याणीच्या नावचं पोस्टाचं पासबुक मी
दुपारच्या शिफ्टला जाता जाता रिकामं करून आलो,
आणि पुन्हा कपाटात, तिच्या पातळांच्या घडीखाली,
होतं तसंच ठेवलं.
धात्रक पुढं दिसला नाही. प्लॉटही दिसला नाही.
कल्याणीच्या बारावीनंतर पासबुक निघालं तेव्हा
पैसे भरलेले होते, आणि मी
पोस्टाच्या व्याजाचं कौतुक केलं होतं चारचौघांत.

पंचविसाव्या महिन्यात: किरकोळ १२.

वह्या होत्या तशा बांधल्या. गाठ मात्र तिची जमली नाही.
साडेदहाला थेंब टाकायचे असतात.
तिची पापणी वर धरली,
थेंब गालावर पडला, दुसरा कानाकडे गेला.

जपून, एकेक थेंब पाच रुपयांचा आहे, ती म्हणाली.
हात का थरथरतोय?
धात्रक भेटला की काय?

मी म्हटलं, नाही.
बाहेर येऊन पेनाचा दोरा सोडवला,
आणि चाळीस रुपये
किरकोळमध्ये टाकले.