वस्तू क्रमांक एकोणीस

पूर्णा जंक्शनच्या यार्डापल्याड,
छोट्या लाईनीचे रूळ उचलून नेले
अन् खडी तेवढी राहिली,
तिथं जुन्या गँगचाळीच्या सात खोल्या.
पाच रिट्रीटवाल्यांना निजायला,
एकीत प्रार्थना,
सातवी माझ्याकडं : संग्रहालय.
किल्ली कमरेला, पगार नाही.

निजामाच्या रेल्वेसोबत
खम्ममकडून आले आमचे लोक,
घण, पहार आणि मिठात कुटलेली चिंच घेऊन.
रूळ पुढं गेले, माणसं राहिली.
आता चौथ्या पिढीला येते ती तेलुगू एवढीच :
नीळ्ळु म्हणजे पाणी.
आणि आमेन, पण ते तर सगळ्यांचंच.

मी कार्डं लिहितो, काळ्या शाईनं.
घण, नऊ किलो. देणगी : सुंदरराव पहारे
(आडनाव इथं आल्यावर पडलं).
लोणच्याची बरणी, रिकामी, काठ फुटका.
गार्डाची शिट्टी, वाजत नाही.
क्रमांक एकोणीस : बायबल, वाळवी लागलेलं,
आतल्या पानावर पेन्सिलीच्या ओळी.
वाचता येत नाहीत.
म्हातारे दर नाताळला त्या पानावर हात ठेवतात,
म्हणतात, पटकीच्या सालातली प्रार्थना आहे.
मीही ठेवलाय,
बारावीच्या निकालाआधी.

यंदा उपासकाळात मौनाच्या रिट्रीटला
काझीपेठची करुणम्मा आली.
गुरुवारी दुपारी दार ढकलून आत,
चष्मा पदरानं पुसला,
एकोणीसवर वाकली
आणि तिचे ओठ हलायला लागले.
"वाचता येतं?"
मान हलली. हो.
"काय लिहिलंय?"
तिनं ओठांवर बोट ठेवलं.
मग हसली, खांदे हलेस्तोवर,
आवाज न करता,
आणि त्याच पदरानं डोळे पुसले.

शुक्रवारी मी तिला भाजी जास्तीची वाढली.
शनिवारी कागद-पेन नेलं.
तिनं पेनाचं टोपण लावून परत केलं.
पास्टर म्हणाले, शांतवन, धीर धर,
शंभर वर्षं थांबलास ना?
मी म्हणालो, मी एकतीस वर्षांचाय.

रविवारी लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजला,
मौन सुटलं
आणि बेचाळीस माणसं एकदम चहा मागू लागली.
करुणम्मा कप घेऊनच आली.
अडखळत, मराठी करत वाचत गेली :

सोमवार. मशाकभाई गवळी. दूध पावशेर.
मंगळवार. पावशेर.
बुधवार. पोराला ताप. अर्धा शेर.
गुरुवार. अर्धा शेर.
शुक्रवार. अर्धा शेर.
शनिवार. दूध नको.

तिनं चहाचा घोट घेतला. खाली एक ओळ होती.

एकूण दहा आणे हाली.
मशाकभाई घेत नाही.

बाहेर कुणीतरी साखर मागत होतं.
करुणम्मानं बरणीवर टिचकी मारली.
"रिकामी बरणी मांडून ठेवतं का रे कुणी?
बरं नसतं."
पिशवी मागितली, बाजारात गेली,
कैऱ्या, मोहरी, खडेमीठ,
आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली.
आता सातव्या खोलीत शिरलं की
आधी ठसका लागतो.

कार्ड अजून कोरं आहे.
'हिशेब' लिहिलं, खोडलं.
'प्रार्थना' लिहिलं, ते खोडलं नाही,
फाडलं.
काल बसस्टँडमागच्या दोन डेअऱ्यांत विचारून आलो,
मशाक गवळ्यांचं घर कोणतं.
"काऊन? काय काम हाय?"
मी म्हणालो,
थोडं देणं आहे.