मापाडी

दोंडाईच्याच्या मिरची बाजारातून आणला भटू तोताराम,
मापाडी, वय त्रेसष्ट.
सदरा लाल, पायजमा लाल, नखांच्या कडा लाल.
हवालदार सैंदाणे पंचनाम्यात ‘रक्त’ लिहून बसलेले.
लोटननं चादर झटकली आणि आम्ही तिघंही शिंकलो.
खोडा म्हणाले, ती मिरची आहे.

सकाळी काट्यावर बाचाबाची,
पोत्यामागे पाव किलो घट.
दंगल नावाच्या हमालानं खांद्याला ढकललं.
(नावाचाच दंगल. आवाज चढला की स्वतःच घाबरणारा.)
भटू दोन पावलं मागे गेला,
म्हणाला, कंबरेत कळ आली,
पोत्याला टेकून बसला, घामानं निथळला,
उठलाच नाही.
दंगल आता ठाण्याच्या बाकावर.

हनुवटीपासून खाली एक रेघ.
खांद्याच्या कातडीखालचं मांस पाहिलं, बरगड्या मोजल्या,
मुका मार कुठेच नाही.
जठरात भाकर, ठेचा.
आतडी बाजूला सारली, तर मागे, डाव्या अंगाला,
भिंतीआड कुणी ओलं पोतं लपवावं
तसं काळंजांभळं साकळलेलं.
ओंजळीनं काढून तागडीत घातलं:
एक किलो आठशे.
मी तीनदा पाहिलं काट्याकडे. त्यानं एकदाच पाहिलं असतं.
बाहेर थेंब नाही.

मूत्रपिंडांच्या खाली महाधमनी मोसंबीएवढी फुगलेली,
भिंत चुनखडीची,
बोटाखाली अंड्याच्या टरफलासारखी कुरकुरणारी.
मागे फाट, दीड इंच.
घट इथे होती.

बाहेर लिंबाखाली केवळबाई.
“त्या हासीसन सांगेत, मना पोटमा दुसरं कायीज शे.
मी हात ठेवू रातले. खरंच उडे.
धुळाले फोटू काढाना व्हता, सीझन सरना की.”
मग हळूच,
“मी दाबं म्हनीसन ते फुटनं का?”
नाही, म्हणाले मी. लगेच म्हणाले.

सैंदाण्यांना मात्र लगेच सांगता येईना.
धक्क्यानं फुटली का, हो की नाही, एवढंच लिहा मॅडम.
उद्या खोकल्यानं फुटली असती,
परवा शौचाला बसल्यावर,
पण आज सकाळी नऊला का,
याला फॉर्मात रकाना नाही.
लिहिलं: मारहाणीची खूण नाही. आजार जुना.
सही केली, तारीख टाकली,
तारखेवर पुन्हा पेन फिरवलं.

साडेपाचला टेम्पो लागला.
दंगल ठाण्यातून थेट इकडे चालत आलेला, अनवाणी.
कुणी त्याला बोलावलं नव्हतं, कुणी हटकलंही नाही.
केवळबाई उशाकडून जराशी सरकली.
त्यानं खांद्याकडची बाजू धरली.