नऊ नॉटचा दिवस

काल रात्रभर वादळ होतं. पहाटे ते
रीगाकडे निघून गेलं, लाटा इथेच विसरून.
पाविलोस्ताच्या धक्क्यावरचा झेंडा
अर्धवट उठतो, पुन्हा बसतो,
जड जेवलेल्या माणसासारखा.
नऊ नॉट. फार तर दहा.

रेनार्स गाडीच्या टपावरून आपली फळी उतरवतो:
अरुंद, शेपटीकडे निमुळती, हेरिंगसारखी देखणी.
मी तिच्याकडे बघते, मग स्वतःकडे.
ओला सूट धरून एक्क्याऐंशी किलो.
हलक्या वाऱ्यात देखणेपण बुडतं,
हे मी दोन उन्हाळे खारं पाणी पिऊन शिकले.

म्हणून गेल्या मार्चात इल्ग्वार्सच्या शेडमध्ये
मी रुंद फळी मागितली. पाच फूट अकरा,
पोट सपाट, शेपूट चौकोनी,
नाकाला बाक थोडाच;
बाक म्हणजे पाण्याशी भांडण,
आणि भांडायचं तर वारा लागतो.
हल्ली लोक फॉइल घेतात, तेही सुचवून झालं.
पण आमच्याकडे वाळूचे दांडे, पाणी मध्येच कमरेइतकं,
तिथे पायाखाली तलवार कशाला?
इल्ग्वार्स पूर्वी कॉडच्या होड्या बांधायचा.
कॉड गेला, होड्या गेल्या, रंधा उरला.
त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं,
फोमवर पेन्सिलीची रेघ मारली, म्हणाला,
"ही फळी कसली, सौनाचं दार आहे.
पण दार तरंगतं."

तर आज दार घेऊन पाण्यात.
बारा मीटरचा पतंग डोक्यावर नुसता ठेवला
तर तो पेंगतो. त्याला कामाला लावायचं:
वसंतात सफरचंदाच्या बुंध्याला चुना लावतात
तसा वर-खाली, वर-खाली.
मागच्या पायाला सांगायचं, तू गप्प.
भार पुढे, तोंड थोडं वाऱ्याच्या पाठीकडे.
फळी आधी नांगरते,
मग कुरकुरते,
मग आवाजच बदलतो,
कुणी कापड फाडत नेल्यासारखा,
आणि घोट्याखाली पाणी कडक होतं.

पहिली लाट मी नुसती ओलांडली.
दुसरीने मला उचलून बाजूला ठेवलं.
तिसरीवर वळले तेव्हा दोर सैल पडले,
चारही, एकदम.
ढील. पतंग वाऱ्यासोबत मागे मागे तरंगत गेला
आणि मला ओढणारं कुणीच उरलं नाही.
तीन सेकंद असतील. चार नाही.
एक्केचाळीस वर्षांत
मला कुणीतरी ओढत नव्हतं असे
किती तीन सेकंद, मी मोजलेले नाहीत.

हाव सुटली. चौथ्या लाटेवर मी
सरळ पतंगाकडेच धावले.
कणी लटकली, पतंग जागच्या जागी विचारात पडला
आणि पाण्यावर बसला, कोंबडी बसते तसा.
वारा तेवढ्यात सहावर आला.
उठवला, नाही उठला.
पुन्हा उठवला.
किनारा अडीचशे मीटर.

दोर गुंडाळले, पतंग गुंडाळला,
पालथी पडून हातांनी वल्हवायला लागले.
दुसऱ्या दांड्यापलीकडे एक डोकं दिसलं.
रेनार्स. पतंग त्याचाही भिजलेला,
देखणी फळी त्याच्या बगलेत, तो तिला वाचवतोय.
"धर," मी म्हटलं. त्याने माझी शेपूट धरली.
दार थोडं खचलं. बुडालं नाही.
काठावर झिद्रा बादली घेऊन
शेवाळात अंबर शोधत होती. तिने मान वर केली,
"आज काय, दोघांना एकच?"
आणि पुन्हा वाकली.

वाळूवर बराच वेळ खोकून झाल्यावर
रेनार्सने रुंदी विचारली. मी सांगितली.
इंचाच्या अर्ध्यासकट.
"तरी ती चौथी सोडायला हवी होतीस," तो म्हणाला.
"हो," मी म्हणाले,
आणि पतंगातली वाळू झटकता झटकता
धक्क्याकडे पाहिलं.
झेंडा अर्धवट उठला होता.