नव्या सुनेला, जिरॅनियमबद्दल

फुलाकडे बघू नकोस, जोझियान.
ते असंच, फिकट, नखाएवढं,
ना वासाचं, ना केसात माळायचं.
जे काय आहे ते पानात.
आणि तेही कुणी घासून गेल्याशिवाय द्यायचं नाही,
असा याचा स्वभाव.

काडी वीतभर घे. पेराच्या खाली काप.
बुडखीची पानं खुड.
लगेच मातीत कोंबू नकोस.
रात्रभर सावलीत पडू दे, जखम सुकू दे.
ओल्या जखमेची काडी कुजते.
हे मला इथं कुणी सांगितलं नव्हतं.
लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी याच उतारावर
खुरपं घेऊन उभी होते.

पाणी बेतानं. दुपारी ढग आपणहून वर चढतात,
तेवढं पुरतं.
मुळाशी हुमणी दिसली तर कोंबड्यांना.

कापलेला पाला अर्धा दिवस मलूल होऊ द्यायचा,
मग तांब्याच्या भट्टीत भरून पायांनी तुडवायचा.
जाळ पुरुष बघतात. त्यांना तेवढाच दिसतो.
धार आपण बघायची.
पाण्यावर हिरवट तवंग धरतो,
गाडाभर पाल्याचा बाटलीभर.
ती बाटली जहाजानं फ्रान्सला जाते,
कुणाच्या तरी कानामागे.
चोथा पुन्हा शेतात. तो आपला.

मोठ्या वादळात छप्पर गेलं तेव्हा
देवळात कुणी पोरं आणली, कुणी जमिनीचे कागद,
ओक्तावीनं तर शिवणयंत्र.
मी ओच्यात बारा काड्या घेऊन बसले होते.
अनसेल्म वर्षभर चेष्टा करायचा.
ती वरची ओळ त्यातलीच. नऊ जगल्या.

एक सांगायचं राहिलं.
मला हा वास येत नाही.
तीस वर्षं होत आली.
सॅं-पॉलच्या बसमध्ये चढले की
माणसं मान वळवतात,
त्यावरून कळतं, अजून आहे अंगाला.

तुझंही तसंच होईल. वाईट नाही वाटत,
म्हणजे वाटतं, पण कामात विसरायला होतं.

सध्या तुझ्या केसांना समुद्राचा,
तळलेल्या माशाचा वास आहे.
तो मला येतो.
काल तू मागून गेलीस आणि
मी चुलीपाशी उगाच थांबले.

केस धुवायची घाई करू नकोस.
चाकू तिकडे आहे, पिंपाच्या दगडाखाली.