नखं आहेत

मंगळवारी सहानंतर मी टॅक्सी बंद करतो,
कोपरापर्यंत हात धुतो
आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसतो.
काम विचाराल तर एवढंच. बसणं.

पुंता अरेनासमध्ये वारा फार सुटला की
चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
दोर कुणाला उपदेश करत नाही.
हे मी प्रशिक्षणात बोलून दाखवलं,
तर दानित्साबाई म्हणाल्या, कवी होऊ नकोस, ओनोफ्रे,
थर्मासमधलं पाणी गरम आहे का बघ.

'सगळं ठीक होईल' म्हणायचं नाही.
'देवाची इच्छा' तर मुळीच नाही.
वजन आपण विचारायचं नाही, आईच सांगते,
सोनाराच्या तराजूसारखं, ग्रॅम-ग्रॅम.
आपल्या मुलीचा फोटो खिशात असू द्यावा,
मागितल्याशिवाय काढू नये.

माझी रायेन अकराशे चाळीस होती.
आता नऊ वर्षांची आहे, आठवड्याला एक खोडरबर हरवते.
तिची आई इथे येत नाही.
या साबणाच्या वासानं एदीताला अजून मळमळतं.
पण फडक्यात गरम पाव बांधून देते,
आणि रात्री विचारते, 'आज किती पेट्या?'
मागच्या मंगळवारचा आकडा तिच्या लक्षात असतो.

आज सात.
सातवी पोर्वेनीरची, समुद्रधुनीपलीकडची.
त्या गावाच्या नावाचा अर्थ 'पुढे येणारा काळ'.
दोन दिवस बोट बंद आहे.
आईला छोट्या विमानानं उचलून आणलं,
बाप तिकडेच, अर्ध्या कातरलेल्या मेंढ्यांमध्ये.

मिरेया काचपेटीच्या भोकातून हात घालून बसलेली.
एक बोट बाळाच्या तळपायाशी.
तिनं मला काही विचारलं नाही,
फोटो नाही, पाव नाही.
तिसऱ्या तासाला नर्सच्या हाती फोन बाहेर पाठवला.
निरोप होता, तुम्ही बोला,
मला हात काढायचा नाही.

फोनवर आधी नुसता वारा.
मग एक घोगरा आवाज,
'चित्र येत नाहीये इकडे. दिसतं ते सांगाल?'

नऊ वर्षांपूर्वी एदीतानं हेच विचारलं होतं,
वरच्या वॉर्डात, टाके ओले असताना.
मी म्हणालो होतो, 'छान आहे.'
आणि जिन्यात जाऊन बसलो होतो.

मी काचेला कपाळ टेकवलं.
नाकात नळी आहे, म्हणालो.
डोक्यावर निळी लोकरीची टोपी,
मोठी होतेय, एका डोळ्यावर घसरलीय.
कातडी इतकी पातळ की शिरा दिसतात.
पाय बेडकासारखे दुमडलेले. पाठीवर लव.
'लव?'
हो, काळी, दाट.
'कोकरासारखी?'
तो हसला असावा. किंवा वारा असेल.
'आणि बोटं?'
आठ दिसतात. दोन दुपट्याखाली आहेत.
नखं आहेत, म्हणालो, दिसतात त्या सगळ्यांना,
तांदळाच्या कणीएवढी.

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग मॉनिटर किंचाळला.
नर्स आली, वायर दाबून बसवली, गेली.
'काय होतं ते?'
वायर निसटली होती.
खरं होतं म्हणून सांगितलं.
खरं तेच असल्याचं बरं वाटून
माझे गुडघे मात्र लटपटले.

घरी आलो. रायेन दप्तर उपडं करून
काहीतरी शोधत होती.
'किती?' एदीतानं विचारलं.
'सात.'
तिनं सूप वाढलं. वारा खिडकी हलवत होता.
'तिला नखं होती,' मी म्हणालो.
'कुणाला?'
'रायेनला. पहिल्या दिवशी. आणि पाठीवर लव होती,
डाव्या खांद्याशी जरा जास्त.'

एदीतानं चमचा खाली ठेवला.
दिवा जरा जवळ ओढला, जणू काही वाचायचं होतं.
'आणखी?' म्हणाली.