स्टेपनी

ओपुवोहून खाली सेसफाँटेनकडे जाताना
मोपानेच्या दोन झाडांमध्ये एक खड्डा आहे.
तेच कावेझेरीचं गॅरेज.
मी तेव्हा चौदाचा. पाने उचलून द्यायचो,
आणि तेरा म्हटलं की बारा द्यायचो.

वेमुना आली ती पिकअपच्या हौद्यात एकच चाक घेऊन,
गोधडीत गुंडाळलेलं.
म्हणाली, हे खाली बसवायचं.
कावेझेरीनं गोधडी उलगडली, वीत टेकवली.
हे या गाडीचं नाही.
ठाऊक आहे.
सहा भोकं जुळतात, एक्सलला लागेल.
पण तीन बोटं रुंद आहे, आणि मधलं छिद्र हे एवढं.
साखळीची थाळी त्यातून निसटेल,
सैल बांगडीतून मनगट निसटतं तशी.
हौद्यातच राहू दे, दोरीनं बांधून देतो.
हौद्यात शेळ्या असतात, ती म्हणाली,
आणि सावलीला जाऊन बसली.
तिच्या शिरपेचाची दोन शिंगं तेवढी
उन्हात राहिली.

मग दिवसभर तेच.

भंगारातला ब्रेकचा ड्रम. त्याची चकती कापली,
थाळीहून मोठी, छिद्राहूनही मोठी.
काठापासून मध्यापर्यंत एक फट, साखळीपुरती.
वरच्या अंगाला एक कडा, दोन सूत उंच,
छिद्रात अचूक बसणारी, म्हणजे चाक सरकणार नाही.
फटीत एक आडवा बोल्ट.
मी म्हटलं, वेल्ड करून टाकू की थाळीला, कायमचं.
त्यानं काचेचा मुखवटा वर केला.
गाढवा, हे चाक एक दिवस वर जाईल
आणि वरचं फाटलेलं इथे खाली येईल.
त्याचं छिद्र लहान. तेव्हा काय करशील?

सायलेन्सर आड येत होता. वाकवला नाही,
टांगणीची पट्टी बदलून चार बोटं बाजूला नेला.
चाक वर ओढलं, तर दोन ठिकाणी टेकलं, तिसरीकडे अधांतरी.
तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही, तो म्हणाला,
दोन पायांचं काय होतं ते मला सांग.
मोपानेचा ठोकळा तासला, त्यावर जुन्या ट्यूबचं रबर,
चेसीला दोन बोल्ट.
पुन्हा ओढलं. आता तिन्हीकडे.

मग दोघं लोंबकळलो त्या चाकाला, मी आणि तो,
खड्ड्यात, माकडांसारखे.
गाडी हलली. चाक हललं नाही.

तरीही एक दुसरी साखळी, रिमच्या भोकांतून, कुलूप लावून.
पहिली तुटली तर ही धरेल, तो म्हणाला.
या रस्त्यावर पत्र्यासारख्या वळ्या आहेत,
रात्री सुटलेलं चाक मागच्याला दिसत नाही.
हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

पण त्याआधीचं एक राहिलं.
रिमच्या बाहेरच्या अंगावर, रंगाखाली,
खिळ्यानं कोरलेलं नाव होतं: उआझुवा.
मी वाचलं. मोठ्यानं वाचलं, तीच चूक.
कावेझेरी कानशीलच चालवत राहिला.
वेमुना उठून खड्ड्याच्या काठाशी आली.
नाव वर येऊ दे, म्हणाली, हौद्याच्या तळाकडे,
तिथे चिखल नाही, दगड नाही.
वॉल्व्ह त्याच बाजूला आहे, कावेझेरी म्हणाला.
वर ठेवला तर हवा कशी बघणार?
सहा महिन्यांनी उतरवाल, आणि चाक बसलेलं असेल.

ती बराच वेळ उभी राहिली.
कुठूनतरी शेळ्यांच्या घंटा येत होत्या.
मग म्हणाली, हवा महत्त्वाची.
खालीच ठेव.

पैसे मोजले तिनं. दहा कमी होते, त्यानं घेतले नाहीत.
पन्नास किलोमीटरवर थांबा, तो म्हणाला,
हात खाली घाला, साखळी ताणून बघा,
सैल वाटली तर दांडा एक फेरा फिरवा.

धूळ उठली, वळणाशी बसली.
मी खड्ड्यात उतरून पाने गोळा केले.
तेरा सापडत नव्हता.
तो तिच्या हौद्यात गेला होता, गोधडीत.