पाचवी ब, खाडीवर

ऐरोलीच्या जेटीवर बावीस पोरं,
बावीस नारिंगी जाकिटं, एकाची चेन अडकलेली.
मी सांगतो : उभं राहू नका, हात बाहेर काढू नका,
पक्षी दिसला की ओरडू नका.
तिघं आधीच ओरडतात.

सगळ्यांना रोहित हवेत. गुलाबी.
मी होडी तिवरांच्या कडेला घेतो,
तिथं गाळावर छोटा टिलवा पळतोय,
शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत.
वजन? दोन बिस्किटं.
येतो कुठून? जिथं जमीन खालून गोठलेली,
झाडं गुडघ्याएवढी,
आणि उन्हाळ्यात सूर्य मावळायचाच विसरतो.

"काका, तुम्ही गेलायत तिथं?"
विभूती केणी, खिडकीसारखे दोन दात पडलेले.

प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता.
मी पनवेलच्या पुढं फारसा गेलेलो नाही.
बापाची डोल इथंच लागायची, पुलाच्या खांबापाशी.
तेव्हा याला नाव नव्हतं आमच्याकडं,
वाटायचं, असेल आपलंच, खाडीचं.

"नाही गं. पण तो दरवर्षी येतो.
त्यालाच विचार, ऐरोली कशीय."

ती खरंच विचारते, हळू आवाजात.
टिलवा गाळ टोचत राहतो.
पाणी भराभर उतरतंय. इंजिन लावतो.
जाकिटं मोजून घ्यायचीत.